मधुमेही पायाचा बोन स्कॅन : या चुका टाळा

मिरजेत स्कॅन वाचताना माझ्याकडे तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा येते : "पायाला सूज, हाडात इन्फेक्शन आहे का?" जखम कुठे आहे, महिन्याभरात बोट काढलंय का, याबद्दल अक्षर नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्कॅन काळा दिसला की 'ऑस्टिओमायलायटिस' (हाडातलं इन्फेक्शन) लिहून मोकळं होणं. टेक्नेशियम एमडीपी, म्हणजे बोन स्कॅनसाठी शिरेत टोचतात ते किरणोत्सारी औषध, हाड जिथे नव्याने घडतंय तिथे जाऊन बसतं. त्याला जंतू ओळखता येत नाहीत. फ्रॅक्चर, ताजं ऑपरेशन, शारको फूट (नसा बधिर झाल्यावर पायाची हाडं-सांधे ढासळतात तो आजार), सगळीकडे ते तसंच काळं उमटतं.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका आले होते. पाय लाल, गरम, घोट्याखाली टम्म सुजलेला. दुसरीकडे काढलेल्या स्कॅनचे तिन्ही फेज (औषध टोचताना, लगेच नंतर आणि काही तासांनी घेतलेले फोटो) पॉझिटिव्ह, म्हणून सहा आठवडे अँटिबायोटिक झाले आणि आता पाय कापायचा सल्ला. मी मोजा काढायला लावला. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. कुठे साधी चीरही नव्हती. काकांना झोपवून पाय उंच ठेवला, तर दहा मिनिटांत लाली उतरली. मधुमेही पायात जंतू हाडापर्यंत पोचतात ते जवळजवळ नेहमी जखमेतूनच. जखमच नसेल तर आधी शारको आठवायला हवा. लेबल केलेल्या (पेशंटचंच रक्त काढून, किरणोत्सारी खूण लावून परत टोचलेल्या) पांढऱ्या पेशींचा स्कॅन केला, जोडीला सल्फर कोलॉइडचा मॅरो स्कॅन, म्हणजे हाडातली मज्जा दाखवणारा. दोन्ही चित्रं जुळली, म्हणजे पेशी मज्जेत जमल्या होत्या, इन्फेक्शनमध्ये नाही. पायाला प्लास्टर बसलं आणि पाय राहिला. "कापायचा नाही ना, मॅडम?" काकूंनी तीनदा विचारलं.

तेव्हापासून पट्टी मी स्वतः सोडते. नवीन मुलं थेट स्क्रीनसमोर बसतात, त्याचा मला मनापासून राग येतो. आपल्याकडे जखमेत हळद भरलेली असते. ती धुतल्याशिवाय खोली कळत नाही. निर्जंतुक सळई हळूच घातल्यावर टणक हाड लागलं, तर शंका तिथेच बळावते. एक्स-रे आधी हवाच, पण पहिले दोन-तीन आठवडे तो नॉर्मल दिसू शकतो. एमआरआय होत असेल तर तो आधी करा. तो करता येत नसेल किंवा त्यातून उलगडा होत नसेल, तर आमच्याकडे या.

दुसरी चूक घाईची. जतच्या पेशंटला शेवटची एसटी गाठायची म्हणून दीड तासात फोटो उरकतात. तिसरा फेज तीन-चार तासांनीच घ्यायचा. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायात औषध पोचायलाच वेळ लागतो, तिथे तर घाई मुळीच नको. शंका राहिली तर 24 तासांनी पुन्हा फोटो. टेक्नेशियमचं अर्धायुष्य 6 तासांचं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याखाली जास्त वेळ झोपावं लागतं, पण चित्र मिळतं. मी आदल्या दिवशीच फोनवर सांगते : जेवणाचा डबा आणा, संध्याकाळ होईल.

आणि उपाशी येऊ नका! उपास पेट स्कॅनला लागतो, बोन स्कॅनला नाही. इन्सुलिन टोचून रिकाम्या पोटी आलेले पेशंट बाकावरच घामाघूम होतात.

सुई कधीही पायात नको. तळव्याचा फोटो विसरू नका. पायावर लघवीचा थेंब पडला तरी काळा ठिपका उठतो. पाय पुसून परत फोटो घ्या.

पेशी लेबल करायच्या दिवशी नळीवरचं नाव दोघांनी मोठ्याने वाचायचं, एकदा रक्त काढताना आणि एकदा परत टोचताना. एकाचं रक्त दुसऱ्याला गेलं तर माफी नाही. त्या वेळात मी फोनही उचलत नाही.