शनिवारी स्प्रिंकलर उघडायचाय? शुक्रवारपर्यंत हे सगळं जमवून ठेवा

डॅलस, प्लेनो, फ्रिस्को ह्या भागात ज्यांचं घर आहे त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितोय. इथली काळी चिकणमाती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाऊस पडला की फुगते, तिच्याबरोबर खालचे पीव्हीसी पाईप हलतात, जॉइंट सुटतात, आणि लॉनचा एखादा पट्टा पिवळा पडायला लागला की मग धावपळ. टेक्सासमध्ये स्वतःच्या घरची सिस्टिम स्वतः दुरुस्त करायला लायसन्स लागत नाही, त्यामुळे घाबरायचं काही कारण नाही, फक्त तयारी आधी हवी.

सगळ्यात पहिलं काम फोनचं. खणायचं असेल तर 811 ला (खणण्याआधी जमिनीखालच्या लाइनींच्या खुणा करून देणारी सेवा) कळवा, फुकट आहे, पण कामाचे दोन दिवस आधी कळवावं लागतं म्हणून शनिवारसाठी मंगळवार-बुधवारीच उरकून टाका. ते येऊन रंगाने खुणा करून जातात, पिवळा म्हणजे गॅस, लाल म्हणजे वीज, केशरी म्हणजे फोन-केबल, निळा म्हणजे पाणी. तुमच्या स्प्रिंकलरचे पाईप मात्र ते दाखवत नाहीत, ती खाजगी लाइन धरतात, तेव्हा त्याचा नकाशा तुम्हालाच काढायचाय.

नकाशा म्हणजे फार काही नाही, एक कागद घ्या, घराचा ढोबळ आकार काढा आणि कंट्रोलरवरून (टायमरचा डबा) एकेक झोन, म्हणजे एका व्हॉल्व्हवर चालणारा लॉनचा भाग, दोन-दोन मिनिटं चालवत कुठलं हेड (पाणी उडवणारं तोंड) कुठे वर येतं ते लिहीत जा. छोटे झेंडे मिळतात हार्डवेअरच्या दुकानात, ते प्रत्येक हेडजवळ खोचा. आणि हे करतानाच बिघाड कसला आहे ते बघा, कारण पुढची सगळी खरेदी त्यावर ठरते. सगळेच झोन बंद असतील तर कंट्रोलर, ट्रान्सफॉर्मर, कॉमन वायर (सगळ्या झोनची सामायिक वायर) ह्यांत बिघाड आहे नाहीतर बॅकफ्लोचा (पाणी मागे शिरू न देणारं उपकरण) व्हॉल्व्ह बंद राहिलाय, आणि हो, पाऊस पडला की सिस्टिम बंद ठेवणारा रेन सेन्सर पण एकदा बायपास करून बघा, बऱ्याचदा तोच अडकलेला असतो. एकच झोन बंद असेल तर त्या झोनच्या व्हॉल्व्हपाशी जा आणि सोलेनॉइड (व्हॉल्व्ह उघडणारी विजेची कॉइल) हाताने पाव फेरा सैल करा. पाणी सुरू झालं तर पाण्याच्या बाजूला काही झालेलं नाही, बिघाड विजेचा. नाही सुरू झालं तर डायफ्रॅम (व्हॉल्व्हमधला रबरी पडदा) किंवा पुरवठा. ही एवढी एक चाचणी केल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका असं मी कळकळीने सांगतो, लोक शंभर-दीडशे डॉलरचा नवीन कंट्रोलर आणतात आणि बिघाड निघतो व्हॉल्व्हबॉक्समधल्या गंजलेल्या वायरच्या जोडात.

विजेचा बिघाड असेल तर साधा मल्टिमीटर हवाच. कंट्रोलर अनप्लग करा, वायरी काढायच्या आधी फोटो काढून ठेवा, मग त्या झोनची वायर आणि कॉमन (बहुतेक ठिकाणी पांढरी) ह्यांच्यामध्ये ओहम मोजा. साधारण 20 ते 60 च्या आत आलं तर सोलेनॉइड ठीक आहे, जवळजवळ शून्य म्हणजे शॉर्ट, आणि मीटर काहीच दाखवत नसेल तर वायर कुठेतरी तुटलीय नाहीतर कॉइल गेलीय. झोन चालू असताना कंट्रोलरच्या टर्मिनलवर 24 व्होल्टच्या आसपास एसी यायला हवा. जोडांसाठी आत ग्रीस भरलेले वॉटरप्रूफ कनेक्टर घ्या, साधी इन्सुलेशन टेप मातीखाली टिकत नाही.

पाईप फुटला असेल तर यादी जरा वाढते. पीव्हीसी कापायची कात्री किंवा बारीक करवत, प्राइमर, पीव्हीसी चिकटवायचं सिमेंट, आणि स्लिप-फिक्स, म्हणजे लांबी कमीजास्त होणारा तो जोड, कारण दोन्हीकडून मातीत गाडलेला पाईप वाकवून साधं कपलिंग बसवायला गेलात तर खणायचं काम दुप्पट होतं. आकार मात्र मोजपट्टीने ठरवू नका. पाऊण इंची पाईपचा बाहेरचा व्यास 1.05 इंच भरतो, म्हणून लोक एक इंचीचे फिटिंग घेऊन येतात आणि परत दुकानात. पाईपवर छापलेलं वाचा, नाहीतर तुटलेला तुकडाच बरोबर न्या. हेड बदलायचं असेल तरी तेच, जुनं हेड पिशवीत घालून दुकानात न्या, स्प्रे हेडला (एका जागी फवारणारं) सहसा अर्ध्या इंचाचे आटे असतात, रोटरला (फिरत पाणी टाकणारं) पाऊण इंचाचे, आणि टोरो कंपनीचं नॉझल रेनबर्ड कंपनीच्या बॉडीवर थेट बसेलच असं नाही. एकाच झोनमध्ये स्प्रे आणि रोटर मिसळू नका, दोघांचा पाणी टाकायचा वेग खूप वेगळा असतो, एकीकडे चिखल आणि दुसरीकडे कोरडं राहील.

बाकी किरकोळ: आट्यांसाठी टेफ्लॉन टेप, नॉझलखालची जाळी घासायला जुना टूथब्रश, खड्ड्यातलं पाणी उपसायला मग, माती आणि कापलेली हिरवळ ठेवायला ताडपत्री (हिरवळीचा चौकोन अख्खा उचलला तर परत छान लागतो), चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, जुने कपडे.

बॅकफ्लोच्या आतल्या भागांना हात लावू नका. तो तुमच्या पिण्याच्या पाण्यात लॉनचं खत-औषध मागे शिरू देत नाही, म्हणून तिथे लायसन्सवालाच बोलवा, फेब्रुवारी 2021 च्या थंडीत गोठून फुटला असेल आणि तेव्हापासून तसाच असेल तर नक्कीच. तुम्ही फक्त त्याच्या दोन बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायचे आणि काम झाल्यावर अगदी हळू उघडायचे, एकदम उघडलं तर दाबाचा धक्का बसून नवा जोड निखळतो.

सिमेंट वाळायला डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ द्या, मग त्या झोनच्या शेवटच्या हेडचं नॉझल काढून पाणी सोडा म्हणजे आत गेलेली माती बाहेर पडेल, नॉझल बसवा, दहा मिनिटं झोन चालवून जोड बघा आणि त्यानंतरच खड्डा बुजवा. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवरचं छोटं चक्र बघा, ते अजून फिरत असेल तर आणखी एक गळती बाकी आहे, स्प्रिंकलरच्या मेन लाइनमध्ये किंवा घरात कुठेतरी.