व्येलिच्काची मिठाची खाण: गुडघेदुखी, काठी किंवा व्हीलचेअर असेल तर

पोलंडमध्ये क्राकोवजवळ व्येलिच्काची मिठाची खाण आहे. १९७८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत आलेली. आई-बाबांना तिथे न्यायचं ठरलं की घरात हमखास एकच प्रश्न निघतो: "चढायला किती लागतं?" फारसं नाही, वर यायला लिफ्ट आहे. एवढं ऐकून तिकिटं काढली जातात आणि पहिल्या पंधरा मिनिटांत आईच्या मांड्या थरथरायला लागतात. कारण ही खाण उतरताना दमवते.

नेहमीचा पर्यटक मार्ग दानिवोविच शाफ्टमधल्या, म्हणजे खाणीत सरळ खाली जाणाऱ्या विहिरीसारख्या वाटेतल्या, लाकडी जिन्याने सुरू होतो. सुरुवातीलाच सलग ३८० पायऱ्या उतरून ६४ मीटर खाली जायचं, म्हणजे साधारण वीस-एकवीस मजले. जिन्याचे टप्पे छोटे आहेत, पण वळण सतत येत राहतं, त्यामुळे काहींना गुडघ्यांच्या आधी चक्करच येते. त्यानंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालणं, मधूनमधून आणखी जिने, पायऱ्यांची एकूण संख्या ८००च्या वर आणि शेवटचा पल्ला १३५ मीटर खोलीवर. वेळ दोन ते तीन तास.

उतरताना मांडीचे पुढचे स्नायू प्रत्येक पायरीला अंगाचं वजन आवरून धरतात आणि सगळा दाब गुडघ्याच्या वाटीवर येतो. म्हणून सपाटीवर रोज पाच किलोमीटर चालणारा माणूसही इथे फसतो. रोज सकाळी बागेत दोन फेऱ्या होतात, तेव्हा जमेल, हा हिशेब इथे चालत नाही.

जाण्याच्या महिनाभर आधी घरीच परीक्षा घ्या. दहा मजल्यांची इमारत गाठा. लिफ्टने वर, पायांनी खाली, पुन्हा लिफ्टने वर आणि पुन्हा खाली. मध्ये बसायचं नाही. हात कठड्यावर चालेल, पण दोन्ही हातांनी कठडा धरून आडवं उतरावं लागलं तर उत्तर मिळालं. निकाल त्याच दिवशी लावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याला सूज आहे का, जिना उतरताना कळ येते का, ते पाहा. यात जमलं नाही तर नेहमीच्या मार्गाचं तिकीट काढू नका.

त्याऐवजी खाणीच्या पर्यटक विभागाला आधी ईमेल करा. या मार्गाचा काही भाग व्हीलचेअरसाठी सोयीचा केलेला आहे आणि तिथे लिफ्टने खाली नेतात, पण ते आधी ठरवून. दारात जाऊन "आईचे गुडघे दुखतात, लिफ्टने सोडा" म्हटल्यावर काम होईल असं धरून चालू नका. ईमेलमध्ये "सीनियर सिटिझन आहेत" एवढंच लिहिलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. आकडे द्या: चाकांच्या बाहेरच्या रिंगांसकट खुर्चीची रुंदी, पायटे (पाय ठेवायच्या पट्ट्या) धरून लांबी, बसणाऱ्यासकट एकूण वजन, खुर्ची घडीची आहे का. माणूस उभा राहू शकतो का, आधाराने किती पायऱ्या उतरू शकतो, सोबत कोण आहे, कोणत्या भाषेतला गाइड हवा आणि तारखेचे दोन पर्याय. बॅटरीवर चालणारी खुर्ची असेल तर ती चालेल का हे स्पष्ट विचारा. ती जड असते आणि अडली तर उचलता येत नाही, म्हणून शक्यतो साधी, ढकलायची खुर्ची न्या.

लांबीचा आकडा नीट घ्या. साध्या खुर्चीची पायट्यांसकट लांबी सहसा एक मीटरहून जास्त भरते आणि खाणीतल्या लिफ्टचा पिंजरा मॉलच्या लिफ्टसारखा ऐसपैस नसतो. पायटे काढता येणारी खुर्ची असेल तर वीसेक सेंटिमीटर वाचतात. ते काढण्याचा सराव घरी करून ठेवा, कारण रांगेत घाईने खटका सापडत नाही. हा पिंजरा अंधारा असतो आणि माणसं दाटीने उभी करतात. वर यायला मिनिटभरही लागत नाही, पण कोंडल्यासारखं वाटणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा.

ग्रुप टूरने जात असाल तर माहितीपत्रकातल्या "थोडं चालणं आहे" या ओळीवर विसंबू नका. कंपनीला लेखी विचारा: पायऱ्या किती, कोणता मार्ग, लिफ्टने उतरण्याची परवानगी आमच्या नावाने घेतली आहे का.

स्वतः चालत जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. काठीच्या टोकाचं रबर बदला. खाली बऱ्याच ठिकाणी जमीन मिठाचीच आहे आणि हजारो पावलांनी घासून ती गुळगुळीत झाली आहे. १०१ मीटर खोलीवरच्या संत किंगाच्या चॅपेलमध्ये तर मिठाची जमीन फरशीसारखी कोरली आहे. वर मिठाच्या स्फटिकांची झुंबरं असल्याने नजर वरच जाते. तिथे आधी थांबा, मग वर बघा. चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असेल तर उतरताना खालच्या भागातून पायरी पुसट दिसते, त्यात उजेड मंद. लांबचा वेगळा चष्मा असेल तर तो लावा, नाहीतर मान खाली घालून पायरी बघा.

गटात गाइडच्या लगेच मागे राहा. दमलेला माणूस आपोआप मागे पडतो आणि नुकसान त्याचंच होतं. पुढचे लोक दालनात पोहोचून उभे राहतात, मागचे येईपर्यंत त्यांचा दम उतरतो. शेवटचा पोहोचतो तेव्हा गट निघालेला असतो, म्हणजे त्याला विश्रांती मिळतच नाही. त्रास आहे हे गाइडला वरच, जिना सुरू होण्याआधी सांगा. खाली गेल्यावर एकट्याने मागे फिरता येत नाही.

तापमान बारा महिने १७-१८ अंशांच्या आसपास असतं. स्वेटर पुरतो. उतरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. खालीही सोय आहे, पण हवी तेव्हा समोर नसते. मधुमेह असेल तर खाऊन निघा आणि खिशात गोड गोळी किंवा साखर ठेवा.

ज्यांना दिसत नाही त्यांना ही खाण हाताने चांगली कळते. भिंतीला हात लावला की मिठाचा खरखरीतपणा जाणवतो, बोट जिभेला लावलं की खारटपणा. कोणत्या मूर्तींना स्पर्श चालेल ते गाइडला विचारा.

घरातलं कोणी वरच थांबणार असेल तर "आत गेलो त्याच दारात भेटू" असं ठरवू नका. बाहेर पडणं कधी दानिवोविच शाफ्टने होतं, कधी गावातल्या रेगिस शाफ्टने, आणि दोन्हींत चालण्याचं अंतर आहे. भेटायला कॅफेसारखी एक पक्की जागा ठरवा.

क्राकोवहून रेल्वेने यायचं तर व्येलिच्का रिनेक-कोपालन्या स्थानकावर उतरा. तिथून खाण जवळ आहे. लिफ्टने उतरणंच जास्त सोयीचं वाटत असेल तर पूर्वेकडची बोख्नियाची मिठाची खाणही विचारात घ्या. तिथे खाली जायलाही लिफ्ट आहे, मात्र आत थोडे जिने आहेतच, म्हणून तिथेही आधी विचारा.

परत आल्यावर त्याच रात्री खुर्चीची चाकं, ब्रेक आणि घडीचे सांधे ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा. मीठ राहिलं तर लोखंडाला गंज धरतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्राकोवमधल्या वावेल किल्ल्याची चढण ठेवू नका, पिंढऱ्या भरून आलेल्या असतात. ती तिसऱ्या दिवशी ठेवा.