दसरा ते लक्ष्मीपूजन: घर स्वतः रंगवायचं तर

यादीतली पहिली गोष्ट दुकानात मिळत नाही, ती कॅलेंडरवर शोधायची असते. दसरा आश्विन शुद्ध दशमीला, लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे मध्ये मोजून वीस तिथी. त्यातले ऑफिसचे दिवस काढा, फराळाचे शेवटचे चार दिवस काढा (त्या दिवसांत स्वयंपाकघरात रोलर घेऊन शिरणाऱ्याचं काय होतं ते लिहीत बसत नाही), की उरतात दोन शनिवार-रविवार. दोन मोठी माणसं आणि चार वर्षांची लेक एवढ्या फौजेत तेवढ्या वेळात एक खोली होते. आम्ही डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो, इमारत पंचविशी ओलांडलेली. यंदा बेडरूम आणि आतले दरवाजे, एवढंच ठरवलं. हॉल पुढच्या वर्षी. अर्धा रंगवलेला हॉल घेऊन दिवाळीचे पाहुणे घेण्यापेक्षा हे बरं.

मात्र खरवडण्याचं काम दसऱ्याची वाट न बघता आधी उरकून घ्या. आमच्याकडे घट बसतात, त्यामुळे नवरात्रात धूळ उडवायची सोय नाही. म्हणून पितृपक्षातच बेडरूम मोकळी केली. पंधरवड्यात नवीन काम काढायचं नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, की खरवडणं हे काही नवीन काम नव्हे, ते जुनं काढणं झालं. याचा दुसरा फायदा नंतर कळला. हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. पोपडे काढून उघडी ठेवलेली भिंत तोवर आणि पुढच्या उन्हात चांगली वाळते. पोपड्याखाली दडलेली ओल मात्र तशीच राहते.

ओल आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतली हवा दमट आहे, खिडक्या उघड्या ठेवा. आमच्याकडे खिडकीखालच्या भिंतीवर थेंब आतून आले. अशा भिंतीवर कितीही महागाचा रंग लावा, पुढच्या श्रावणात तो फुगणारच. पाऊस बाहेरच्या भिंतीतून झिरपत असेल तर ती दुरुस्ती सोसायटीने तिच्या खर्चाने करायची असते, गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये तसं स्पष्ट आहे. सेक्रेटरींना तोंडी सांगू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वरच्यांच्या बाथरूममधून गळत असेल तर आधी वर जाऊन चहा घ्या. भांडण नंतरही करता येतं.

बुरशीचे काळे ठिपके असतील तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसून भिंत पूर्ण वाळू द्यायची. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि त्या पाण्यात संडास साफ करायचं अॅसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

मग तळहात. कोरडा तळहात भिंतीवर फिरवा. हाताला पांढरी पूड लागली तर खाली चुना किंवा जुनं, जीव गेलेलं डिस्टेंपर आहे. ही परीक्षा न घेतल्याची किंमत आम्ही दोन वर्षांपूर्वी मोजली आहे. तेव्हा लेक जेमतेम चालायला लागली होती, आम्हाला घाई होती, आणि भिंत तर दिसायला बरी होती. फडक्याने पुसली आणि थेट इमल्शनचे (पाण्यात मिसळून लावायच्या रंगाचे) दोन हात, म्हणजे दोन थर मारले. तीन दिवस छान दिसलं. चौथ्या दिवशी मास्किंग टेप काढायला गेले तर टेपबरोबर रंगही आला, तोही तुकड्यातुकड्याने नाही. चांगल्या फुगलेल्या पोळीचा पदर सुटावा तसा हातभर लांब पापुद्रा अलगद सुटला आणि त्याच्या पाठीला जुनं डिस्टेंपर पिठासारखं चिकटलेलं. रंगाचा दोष नव्हता, तो पिठाला धरून बसला होता. चूक दुसरीही होती: टेप शेवटचा हात थोडा ओलसर असतानाच, तिरका ओढून काढायचा असतो. तीन दिवस ठेवायचा नसतो.

तेव्हा पूड निघते तिथपर्यंत पत्रीने (पातळ लोखंडी पात्याने) खरवडा, ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, आणि मगच प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर. भेगांचंही असंच. केसाएवढ्या भेगेवर नुसती पुट्टी (भेगा-खड्डे भरायचा लेप) फासली तर ती सहा महिन्यांत पुन्हा डोकं वर काढते. भेग पत्रीच्या टोकाने थोडी रुंद करा, आतली धूळ ब्रशने झाडा आणि मग भरा. बीमच्या खाली सरळ रेषेत जाणारी भेग मात्र हट्टी. तिथे काँक्रीट आणि विटा दोघं आपापल्या मर्जीने हलतात, म्हणून जाळीची पट्टी लावून वर लवचीक फिलर लागतो. पुट्टीला जुने रंगारी लांबी म्हणतात. ती कालवताना पाण्यात पावडर घाला, पावडरीत पाणी नको, नाहीतर गुठळ्या मोडण्यातच जेवायची वेळ होते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असेल तर भिंत आधी थोडी ओली करायची आणि दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवायची. पहिल्या दिवशी आम्ही कणीक मळल्यासारखी परातभर कालवली होती. संध्याकाळी परातीचा दगड झाला.

आता जरा गंभीर. दरवाजे, खिडक्यांच्या चौकटी, ग्रिल यांच्यावरचा जुना ऑइल पेंट काचपेपरने कोरडा घासायचा विचार असेल तर थांबा. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको हा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या थरांत शिसं किती आहे हे दरवाजा सांगत नाही, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. मुलं जमिनीवर खेळतात, बोटं तोंडात घालतात. रंग घट्ट बसलेला असेल तर सरसकट घासूच नका. खरखरीत करण्यापुरता पाणी लावून वॉटरपेपरने घासा, तोंडाला एन-९५ मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा आणि काम झाल्यावर ते गुंडाळी करून बाहेर न्या. फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने दोनदा पुसा. या एका दिवसासाठी लेक आजीकडे. यात तडजोड नाही.

मोजमापाला इंचपट्टी आणि पाठकोरा कागद पुरतो. आमची खोली १० बाय १२, उंची साडेनऊ फूट. चारही भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे ४१८ चौरस फूट. त्यातून दरवाजाचे २१ आणि खिडकीचे १६ वजा केले, उरले ३८१. दोन हात म्हणजे ७६२. डब्यावर लिहिलेला आकडा तरबेज हाताचा असतो, आपण नवशिक्यांनी लिटरला एका हाताचे १०० चौरस फूट धरावेत. म्हणजे साडेसात लिटरच्या थोडं वर. चारचे दोन डबे किंवा दहाचा एक. आम्ही दहाचा घेतला, कारण लेक आहे आणि लेकीकडे खडू आहेत. छताचे १२० चौरस फूट वेगळे, त्याला पांढराच.

दुकानात मशीनवर रंग कालवून देतात. सगळे डबे एकाच वेळी कालवून घ्या. नंतर त्याच नंबरचा एक लिटर आणला तरी कधी कधी सावळागोरा फरक पडतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो. शेड कार्डावर विश्वास ठेवून थेट दहा लिटर घेऊ नका. छोटा डबा आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा, सकाळी बघा, रात्री दिवा लावून बघा. कार्डावर फिकट आंब्याच्या रसासारखा वाटलेला रंग आमच्या खोलीत रात्री हळदीच्या दुधासारखा झाला. नवऱ्याला तोच आवडला होता. चौकोन बघून तो गप्प झाला.

बाकी सामान पटकन सांगते. ९ इंची रोलर, तो चढवायला लांब दांडा, ४ इंची आणि कडांसाठी २ इंची ब्रश, पत्री दोन आकारांच्या, ८०, १२० आणि २२० नंबरचे काचपेपर, मास्किंग टेप, जाड प्लॅस्टिक, रंग गाळायला जुना सुती पंचा, ढवळायला स्वच्छ काठी, आणि ऑइल पेंटसाठी टर्पेंटाइन. नव्या रोलरचा बुरा भिंतीवर चिकटतो, म्हणून आधी त्याच्यावर चिकटपट्टी गुंडाळून ओढून काढा. हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळून ठेवलं तर ऑइल पेंट संध्याकाळी कपड्याने पुसून निघतो. दोन हातांच्या मधल्या वेळात ब्रश धूत बसू नका, दुधाच्या रिकाम्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवा.

ड्रिलची कामं रंगाच्या आधी. शेल्फ, पडद्याचा रॉड, लेकीच्या दप्तराची खुंटी, जे काही असेल ते सगळं. नव्या रंगावर विटेची लाल धूळ ओघळली की तो ओघळ पुसताना आणखी पसरतो. भोक पाडायच्या जागेच्या खाली जुनं पाकीट तोंड उघडं ठेवून चिकटवा, धूळ त्यात पडते. त्या धुळीकडे बघत राहा, ती भिंतीची पत्रिका आहे. आधी पांढरट-करडी म्हणजे प्लॅस्टर. मग लाल आली तर वीट, प्लॅस्टिकचा गट्टू (स्क्रू धरून ठेवायला भोकात ठोकायची खुंटी) छान बसेल. राखाडी आली आणि ड्रिल ओरडायला लागलं तर बीम किंवा कॉलम, तिथे हट्ट न करता जागा बदला. नव्या इमारतींत पांढरी, पिठूळ धूळ येतच राहिली तर हलके ब्लॉक आहेत, त्यांना वेगळे गट्टू मिळतात, साधे सैल होतात. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडवं भोक पाडायचं नाही, वायरी तिथूनच जातात. आणि सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल बंद, हे पाटीवर लिहिलेलं नसलं तरी. खंडेनवमीला सासूबाईंनी ड्रिललाही हळदकुंकू लावलं. ते अजून त्याच्या मुठीवर आहे.

खोली आवरताना कपाट बाहेर काढायच्या फंदात पडू नका. त्याच्या पायांखाली गोणपाट सरकवा आणि खोलीच्या मधोमध ओढा, वरून चादर. पंख्याच्या प्रत्येक पात्याला जुना उशीचा अभ्रा घातला की झालं. जमिनीवर नुसते वर्तमानपत्राचे कागद नकोत, पायाला चिकटतात आणि फाटतात. खाली प्लॅस्टिक, वर जुनी चादर. बोर्डांची कव्हरं काढायची असतील तर आधी मेन स्विच बंद, मग स्क्रू, आणि स्क्रू झाकणाच्या डबीत. कपात ठेवू नका. आमचे चहाच्या कपात ठेवले होते, कोणीतरी कप विसळला.

रंगवण्याच्या दिवशी क्रम सोपा. आधी छत, मग भिंती, शेवटी दरवाजे आणि स्कर्टिंग. एक जण ब्रशने कडा काढतो, दुसऱ्याने त्या ओल्या असतानाच रोलर फिरवायचा, नाहीतर वाळल्यावर फोटोफ्रेमसारखी चौकट दिसते. म्हणून पंखाही त्या वेळी बंदच. दोन हातांमध्ये किमान चार तास, आणि त्या रात्री हॉलमध्ये झोपायची तयारी सकाळीच करून ठेवा. दमलेल्या अंगाने गाद्या शोधणं फार वाईट.

लेकीला काम हवंच असतं. तिला छोट्या बादलीत साधं पाणी आणि जुना ब्रश दिला आणि बाल्कनीची भिंत तिच्या नावावर केली. भिंत ओली झाली की गडद दिसते, उन्हात वाळली की पुन्हा पहिल्यासारखी. तिने ती दिवसभरात अकरा वेळा रंगवली.

काही कामं यादीतून खोडा. खिडकीच्या ग्रिलची बाहेरची बाजू तिसऱ्या मजल्यावरून लटकून रंगवायची नाही. नवा लाइटचा पॉइंट लायसन्सवाल्या वायरमनकडून. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आपलं नाही. तिथे वाचवलेले पैसे खालच्या मजल्यावरच्यांचं छत खाऊन टाकतं.

उरलेला रंग छोट्या बरणीत काढून झाकण घट्ट लावा, मोठ्या डब्यात तो वरून साय धरतो. ऑइल पेंटचं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. झाकणावर शेडचा नंबर, खोली, महिना आणि वर्ष पेनाने लिहा. आमच्या झाकणावर लेकीने खडूने मांजर काढलंय, नंबरातला तिसरा आकडा त्याच्या शेपटीखाली गेला. म्हणून तोच नंबर आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, तिचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर.