पेट्रिकोर लिहिताय? या चुका टाळा

‘पहिला पाऊस’ या विषयावरचे निबंध मी दर जूनमध्ये तपासतो. हल्ली वहीमागून वहीत पेट्रिकोर हा पहिल्या पावसाच्या वासाचा इंग्रजी शब्द भेटतो. शब्द फार देखणा आहे, म्हणूनच तो कुठेही चिकटवलेला पाहवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कुठल्याही पावसाला पेट्रिकोर म्हणणे. गोव्यात फोंड्यातल्या एका कवितावाचनाची पत्रिका माझ्याकडे मुद्रितशोधनाला आली होती. कार्यक्रम जुलैअखेरचा, नाव ‘पेट्रिकोर’ आणि खाली ‘मृदुगंध’. मी दोन्हींवर लाल खूण केली. “सर, पावसाचाच वास ना? चालता,” म्हणत आयोजकांनी तशीच छापली. त्या दिवशी बाहेर धो धो पाऊस, सभागृहात ओल्या छत्र्यांचा कुबट वास, आणि निवेदक तापलेल्या मातीच्या सुगंधावर बोलतोय! मला शेवटपर्यंत बसवले नाही.

पेट्रिकोर म्हणजे बरेच दिवस कोरड्या राहिलेल्या जमिनीवर पाऊस पडल्यावर सुटणारा वास. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 1964 साली ‘नेचर’ नियतकालिकात हे नाव दिले. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेले दगडमातीत मुरतात आणि पाणी लागले की हवेत सुटतात. मिरगाची पहिली सर चिऱ्यांच्या गडग्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतीवर, पडते तेव्हा नाक जवळ नेऊन बघा. जुलैत तोच गडगा शेवाळाने हिरवागार होतो, वासही शेवाळाचाच येतो.

आणि ते ‘मृदुगंध’! मृदु म्हणजे मऊ. माती म्हणजे मृद्. लिहायचे मृद्गंध, द चा पाय मोडून. मोबाइलवर टंकताना जोडाक्षराचा कंटाळा येतो म्हणून मातीला मऊ करू नका.

उच्चार ‘पेट्रिचोर’ नाही. पेट्रा म्हणजे ग्रीकमध्ये खडक, इकॉर म्हणजे ग्रीक देवांच्या शिरांतून वाहणारा द्रव. केमिस्ट्रीत ch चा जसा क, तसाच इथे. पण म्हणून ‘प्राचीन ग्रीक शब्द’ असेही लिहू नका. तुकडे जुने, जोडणी 1964 ची.

‘पेट्रिकोरचा सुगंध’ ही द्विरुक्ती. जिओस्मिन म्हणजेच पेट्रिकोर, हेही चूक. जिओस्मिन हे मातीतल्या जिवाणूंनी बनवलेले, त्या वासातले एक द्रव्य.

मी नवा शब्द भेटला की वहीच्या समासात त्याचे तुकडे लिहितो, मोठ्याने वाचतो आणि आठवडाभर तो वापरत नाही. मुलांना हा आठवडा जड जातो. स्टेटसवर वाचलेला शब्द त्यांना संध्याकाळच्या निबंधात हवा असतो.

यंदा सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीने वहीत पेट्रिकोर खोडून वर लिहिले होते, ‘चिऱ्याक पाणी लागल्याचा वास’.

“सर, कोंकणी शब्द चलतलो?”

मी लाल पेन बाजूला ठेवले.