अटलांटात नव्याने राहायला येताय?

दुसऱ्या राज्यातून येत असाल तर जॉर्जियाचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि गाडीची नोंदणी ३० दिवसांत उरकायची असते. शहर परिसरात बहुतेक पेट्रोल गाड्यांना नोंदणीआधी धुराची तपासणी लागते, ती आधी करा. पत्ता मात्र शेवटच्या शब्दापर्यंत नीट लिहून घ्या. ‘पीचट्री’ नावाचे रस्ते इथे डझनावारी आहेत. स्ट्रीट की रोड, एवढं चुकलं तरी भलतीकडेच पोहोचाल. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस आपणहून बोलतो, तेव्हा घाई नसेल तर थांबून बोला; मला ही सवय फार आवडते. मार्च-एप्रिलमध्ये पाइनचे पिवळे परागकण सगळीकडे साचतात. त्या दिवसांत खिडक्या बंद ठेवा, ॲलर्जी असेल तर फेब्रुवारीतच डॉक्टरांना भेटा.