बारा बॉनबॉन, एक खोका: मिलिमीटरचा हिशेब

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात बारा खणांचे देखणे खोके दिसतात, भाव पटतो आणि पन्नास नग घरी येतात. मग कळतं, की आपलं चॉकलेट त्या खणात डुगडुगतंय, नाहीतर झाकण लावताना वरची नक्षी दबतेय. क्रम उलटा हवा. आधी चॉकलेट मोजायचं, मग त्याची वाटी, मग खण, मग खोका, आणि सगळ्यात शेवटी कुरिअरचं बाहेरचं खोकं. आतून बाहेर.

इथे एकच उदाहरण धरलं आहे: घुमटाच्या आकाराचं, आत गनाश (क्रीम आणि चॉकलेटचं मऊ सारण) भरलेलं बॉनबॉन. व्यास २८ मिमी, उंची १८ मिमी, वजन साधारण १० ग्रॅम. असे बारा नग एका खोक्यात, चार बाय तीन. तुमचा साचा वेगळा असेल तर आकडे बदला, हिशेबाची रीत तीच राहील.

पॅक करण्याआधी

साच्यातून काढलेलं चॉकलेट वरून घट्ट दिसतं, पण आत कोको बटरचे स्फटिक अजून जमत असतात आणि जमताना उष्णता सोडत असतात. अशा वेळी ते खोक्यात कोंबून खोक्यांची चळत रचली, तर ती उष्णता बाहेर पडत नाही. दोन-तीन दिवसांनी पांढुरके पट्टे उमटतात आणि दोष टेम्परिंगला, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन जमवण्याच्या क्रियेला, दिला जातो. म्हणून १६ ते १८ अंशांच्या खोलीत ट्रेवर उघडं, निदान बारा तास राहू द्या. चोवीस तास मिळाले तर उत्तम. हाताळताना सुती हातमोजे घाला. चकचकीत पृष्ठभागावर बोटाचा ठसा एकदा उमटला की पुसून जात नाही, पुसायला गेलं तर उलट चमकच जाते.

रॅपर की वाटी?

भरीव, साध्या चॉकलेटला फॉइल चांगली. तिचा मोठा गुण असा की जशी दुमडाल तशी राहते, चिकटवावी लागत नाही. तुकडा किती मोठा हवा हे दोऱ्याने मोजा: तळाच्या मध्यापासून दोरा वर न्या, माथ्यावरून पलीकडे उतरवा आणि परत तळाच्या मध्याशी आणा. आपल्या बॉनबॉनला हे माप ७९ मिमीच्या आसपास येतं. म्हणजे बाजारात मिळणारा तीन इंची, ७६ मिमीचा चौकोन कसाबसा पुरतो. ८० मिमीचा नीट बसतो. चॉकलेट उपडं ठेवून फॉइल खालच्या बाजूला गोळा करा, सुरकुत्या तळाशी जातात. एक गैरसमज मात्र काढून टाका: फॉइल म्हणजे हवाबंद नव्हे. इतक्या पातळ फॉइलला डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रं असतात, आणि घड्यांमधून हवा जाते ती वेगळीच.

पिळाच्या रॅपरला दोन्ही टोकांना २५ ते ३० मिमी शेपूट ठेवा. साधी पातळ प्लास्टिक फिल्म पिळली की परत उलगडते, म्हणून दुकानात ‘ट्विस्ट’चीच फिल्म मागा. बीओपीपीच्या (पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या) पाकिटात हॅन्ड सीलरने सील करत असाल तर सीलची रेघ चॉकलेटपासून १५ मिमी तरी लांब ठेवा. जवळ आली की चॉकलेटची कड मऊ पडते आणि आतल्या फिल्मला चिकटते.

रंगवलेल्या, नक्षीच्या बॉनबॉनला यातलं काहीच नको. ते उघडंच, चुण्यांच्या कागदी वाटीत बसवा. वाटीचा तळ चॉकलेटच्या तळाएवढा, म्हणजे २८ मिमी हवा. मोठा घेतला तर चॉकलेट वाटीतच फिरतं, आणि फिरताना कडेचा रंग घासला जातो. वाटी ग्लासीन किंवा ग्रीसप्रूफ, म्हणजे तेल न शोषणाऱ्या कागदाची घ्या. साधा कागद गनाशमधलं तूप-तेल ओढतो आणि तळाशी डाग पडतो.

खण

चुण्यांमुळे वाटी प्रत्येक बाजूला दीड-दोन मिमी जागा खाते. म्हणून २८ च्या बॉनबॉनला ३२ मिमीचा खण. याहून मोठा खण केला तर हलण्याला वाव मिळतो, लहान केला तर काढताना बोट घुसत नाही आणि खाणारा वाटी फाडतो.

विभाजकाच्या पट्ट्या ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) बोर्डाच्या, जाडी सुमारे ०.४ मिमी. चार खणांच्या बाजूला तीन पट्ट्यांची जाडी मिळून १.२ मिमी, तीन खणांच्या बाजूला दोन पट्ट्यांची ०.८. तेव्हा खोक्याचं आतलं माप १३० × ९८ मिमी धरा. ते ३२ च्या पटीपेक्षा किंचित मोठं येतं आणि ते तसंच यायला हवं.

आता कापा. १३० मिमी लांबीच्या दोन पट्ट्या आणि ९८ मिमी लांबीच्या तीन, सगळ्या २० मिमी उंच. लांब पट्टीवर ३२.५, ६५ आणि ९७.५ मिमीवर खाचा, आखूड पट्टीवर ३२.७ आणि ६५.३ वर. खाचेची खोली उंचीच्या निम्म्याहून अर्धा मिमी जास्त, म्हणजे १०.५. बरोबर १० कापली की पट्ट्या एकमेकींत पूर्ण बसत नाहीत आणि एक बाजू वर राहते. खाचेची रुंदी ०.६ मिमी. अरुंद ठेवली तर बोर्ड सोलवटतं, रुंद ठेवली तर जाळी लुळी पडते. कटरला नवं पातं लावा. बोथट पात्याने कापलेल्या कडेतून कागदाचा भुसा निघतो आणि तो थेट चॉकलेटवर जाऊन बसतो.

वरची मोकळी जागा

चॉकलेट तुटतं ते बहुतेक वेळा इथेच, पण माप घेताना कुणी इथे पाहत नाही. खोका उलटा झाला की बॉनबॉन वाटीसकट खणाबाहेर येऊन शेजारच्यावर चढायला बघतं. ते चढू द्यायचं नाही, आणि त्याला दाबायचंही नाही.

हिशेब असा: बॉनबॉन १८, वाटीचा तळ अर्धा, वर तीन मिमीची गादी. बेरीज २१.५. खोक्याची आतली उंची २२ ठेवा. गादी म्हणजे मिठाईच्या खोक्यात येतो तो थरांचा, उठावाचा मऊ कागद, खोक्याच्या पूर्ण मापाचा. बबल रॅपचा तुकडा वापरू नका. त्याच्या फुग्यांचे गोल ठसे मऊ पडलेल्या चॉकलेटवर स्पष्ट उमटतात. तपासायची सोपी खूण: झाकण लावून खोका कानाशी धरा आणि हलवा. टकटक ऐकू आली तर गादी पातळ आहे. झाकण मधून फुगलं असेल तर गादी जाड आहे.

बोर्ड आणि वास

खोक्यासाठी ३०० ते ३५० जीएसएमचं, नव्या लगद्याचं, दोन्ही बाजूंनी पांढरं बोर्ड घ्या. मागची बाजू राखाडी असलेलं ड्युप्लेक्स स्वस्त पडतं, पण ती बाजू रद्दीच्या लगद्याची असते आणि रद्दीतल्या शाईचे अंश तिच्यात असू शकतात. अन्नाला ती लागता कामा नये. छापील वर्तमानपत्राचा तर प्रश्नच नाही, अन्न गुंडाळायला ते कायद्यानेच बंद आहे. छपाईवाल्याला सांगून ठेवा: आतली बाजू कोरी, आणि घड्या बोर्डाच्या ग्रेनच्या, म्हणजे कागदाच्या तंतूंच्या, दिशेने. ग्रेनच्या विरुद्ध घडी घातली तर गडद रंगावर पांढरी भेग दिसते.

कोको बटर वास ओढून घेतं. ताज्या छपाईचा, डिंकाचा, कपाटातल्या डांबर गोळ्यांचा, सगळ्यांचा. चॉकलेट उद्योगात यासाठी रॉबिन्सन चाचणी करतात. तिचं घरगुती रूप असं: खोक्याचे तुकडे करून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, त्यांना न टेकवता वाटीत थोडं किसलेलं मिल्क चॉकलेट ठेवा. दुसऱ्या तशाच डब्यात फक्त चॉकलेट. ४८ तासांनी दोन्ही चाखा, कोणतं कुठलं हे न बघता. फरक कळला तर खोके आठवडाभर उघडे करून हवेशीर जागी पसरा आणि पुन्हा चाचणी घ्या. तरीही वास राहिला तर ती शाई किंवा ते लॅमिनेशन (वरचा प्लास्टिकचा पापुद्रा) बदलायलाच हवं.

खोका बंद ठेवायला कागदी पट्टा पुरे. मिठाईच्या खोक्यांभोवती गुंडाळायची प्लास्टिक फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. चॉकलेटच्या खोक्यालाही तोच नियम लागतो असं धरून चाला.

उष्णतेचा हिशेब

टेम्पर केलेलं डार्क चॉकलेट ३३-३४ अंशांना वितळतं, पण २८ च्या पुढेच मऊ पडायला लागतं. मिल्क आणि व्हाइट त्याही आधी. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हे पार्सल कुठलीही गादी वाचवणार नाही, तिथे जेल पॅकच (गोठवून वापरायची जेलची पिशवी) हवा.

बाहेरचं खोकं तीन प्लाय (तीन थरांचं) करोगेटेड, म्हणजे नालीदार पुठ्ठ्याचं, आतून १७५ × १४५ × ९५ मिमी. आतल्या सहाही बाजूंना २० मिमी ईपीई (पॉलिथिलीनचा) फोम. एकच २० मिमीचा थर लावण्याऐवजी १० मिमीचे दोन लावा आणि त्यांचे सांधे एकमेकांवर येऊ देऊ नका. गरम हवा सांध्यांतूनच शिरते. चॉकलेटचा खोका झिप पाउचमध्ये, हवा काढून बंद. तो तळाशी, त्यावर करोगेटेडचा एक तुकडा, त्यावर २५० ग्रॅमचा जेल पॅक. थंड हवा खाली उतरते, म्हणून पॅक वर. मधला तुकडा विसरलात तर पॅकखालचे बॉनबॉन गारठतात, बाकीचे नाही.

हा पॅक किती वेळ पुरेल? फोमची उष्णतावाहकता दर मीटर-अंशाला ०.०३८ वॅटच्या आसपास, जाडी ०.०२ मीटर, सरासरी पृष्ठभाग ०.०८ चौरस मीटर. बाहेर ३६ अंश आणि आत २० धरले तर सुमारे २.४ वॅट उष्णता आत येते, म्हणजे तासाला जेमतेम ९ किलोज्यूल. गोठलेला पॅक वितळताना ८३ किलोज्यूल घेतो, पुढे २० अंशांपर्यंत तापताना आणखी २१. भागाकार साडेअकरा-बारा तासांचा येतो. प्रत्यक्षात फटी असतात, जेल पॅकशी फरक १६ अंशांहून मोठा असतो, म्हणून सात-आठच तास धरा. पार्सल उन्हात उभ्या टेम्पोत ५० अंशांना राहिलं तर त्याचेही निम्मे होतात. मुंबई-पुणे रात्रीच्या गाडीने निघालं तर जमतं. दोन दिवसांच्या प्रवासाला हे माप पुरणार नाही, फोम आणि जेल दोन्ही वाढवा. आणि गुरुवार-शुक्रवारी पाठवू नका, रविवार गोदामात जातो.

जेल पॅक आडवा ठेवून चोवीस तास गोठवा. फ्रीजरमधून काढल्यावर १५-२० मिनिटं बाहेर ठेवा आणि वरचं दव कोरड्या फडक्याने पुसून मगच आत घाला. हे दव चॉकलेटवर पडलं की पृष्ठभागावरची साखर विरघळते, आणि पाणी सुकल्यावर ती खरखरीत पांढऱ्या थराच्या रूपात मागे राहते. हा साखरेचा ब्लूम बोटाला खरखरतो. कोको बटरचा ब्लूम गुळगुळीत असतो, बोटाच्या ऊबेने नाहीसा होतो. तक्रार आली की आधी एवढंच विचारा. याच कारणाने पाउचवर चिठ्ठी चिकटवा: ‘हे पाउच खोलीच्या तापमानाला दोन तास तसंच ठेवा, मगच उघडा.’

राखीच्या दिवसांत उष्णता कमी, ओल जास्त. दमट हवेत करोगेटेड खोक्याची ताकद जवळपास निम्मी होऊ शकते, म्हणून कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पाच प्लाय घ्या. पाउचमध्ये सिलिका जेलची एक ग्रॅमची पुडी घालायला हरकत नाही, पण ती आधीच आलेलं दव आवरत नाही.

छापील मजकुराचं थोडक्यात: एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना) क्रमांक, घटक, हिरव्या ठिपक्याचं चिन्ह, बॅच, तारखा आणि साठवणुकीचं तापमान खोक्यावर हवं. कोको बटरशिवाय दुसरं वनस्पती तेल वापरलं असेल तर तेही लिहायला हवं. हिरवा ठिपका दर्शनी बाजूला, नावाजवळ लागतो, बाकीचं तळाच्या स्टिकरवर बसतं.

आपटून बघा

दहा पार्सलं विकण्याआधी एक आपटा. हलक्या पार्सलसाठी आयएसटीए या वाहतूक-पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची १ए चाचणी ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडायला सांगते: एका कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला लागून असलेल्या तीन कडांवर आणि सहाही बाजूंवर. टेबलाची उंची साधारण तेवढीच असते. चाचणीचे बॉनबॉन गार नकोत, २४-२५ अंशांवर हवेत. गार चॉकलेट कडक असतं, ते तडकतं पण दबत नाही, आणि निम्मे दोष लपून राहतात.

उघडल्यावर तुटलेले नग मोजत बसू नका, खुणा कुठे आहेत ते बघा. माथे चपटे झाले तर गादी जाड किंवा खोका बुटका. बॉनबॉन वाटीबाहेर आलं पण शाबूत आहे, तर वर दोन मिमी जास्त मोकळे आहेत. एका बाजूच्या सगळ्या खणांत कडा घासल्या असतील तर विभाजकाची जाळी सरकतेय, पट्ट्या अर्धा मिमीने लांब कापा. तळाला तडा आणि वर काहीच नाही, तर धक्का खालच्या फोममधून आला, खालचा थर बदला. आणि फक्त कोपऱ्यातलेच चार नग गेले असतील तर खोक्यात दोष नाही, बाहेरच्या खोक्याच्या कोपऱ्यांत फोमचे तुकडे तिरपे कापून भरायचे राहिले आहेत.