‘डाउट’ वापरताना या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागला मी इंग्रजीचे वर्ग घेतो. मार्केट यार्डात वडिलांचा हळदीचा व्यापार सांभाळणारा एक मुलगा एकदा मोबाइलवरचा मेल घेऊन आला. एका लॉटमधलं हळकुंड मोडताना वाळल्या मालाचा खट्कन आवाज येईना, म्हणून त्याने लंडनच्या खरेदीदाराला कळवलं होतं: ‘आय डाउट द लॉट इज डॅम्प.’ त्याला म्हणायचं होतं, ‘माल ओलसर असल्याचा मला डाउट आहे.’ समोरच्याने वाचलं, ‘माल ओलसर असेल असं मला वाटत नाही,’ आणि उत्तर दिलं, लगेच रवाना करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपण मराठीत ‘मला डाउट आहे’ म्हणतो तेव्हा ‘तसंच असणार’ असं सुचवतो. इंग्रजीत ‘आय डाउट’ म्हणजे ‘तसं नसणार’. अर्थ थेट उलटा! संशय सांगायचा असेल तर ‘सस्पेक्ट’ वापरा: ‘आय सस्पेक्ट द लॉट इज डॅम्प.’ त्या मुलाने असा दुसरा मेल टाकला, तेव्हा माल थांबला. पाठवण्याआधी ‘डाउट’च्या जागी ‘डोन्ट थिंक’ घालून वाक्य वाचून बघा. भलताच अर्थ निघाला तर शब्द बदला.

वर्गातलं ‘सर, आय हॅव अ डाउट’ हे आपल्या ‘शंका’वरून आलंय, कारण शंका म्हणजे प्रश्नही. भारतात ते रुळलंय, मी मुलांना त्यावरून अडवत नाही. परदेशी शिक्षकाला मात्र वाटू शकतं की आपलं म्हणणं याला पटलेलं नाही. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणा.

स्पेलिंगमधला बी गाळू नका, पण उच्चारूही नका. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. लॅटिन ‘दुबितारे’शी नातं दिसावं म्हणून शिकल्यासवरलेल्यांनी तो पुढे लिहिण्यात घातला; बोलणाऱ्यांनी काही तो घेतला नाही. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधल्या बीचंही असंच झालं.

‘दुबितारे’च्या मुळाशी ‘दुओ’ आहे, म्हणजे दोन. आपल्या ‘द्वि’चा हा सख्खा नातेवाईक, त्यामुळे ‘द्विधा मन’ म्हटलं की डाउटचा मूळ अर्थ आपसूक कळतो. ‘डबल’ही त्याच ‘दुओ’चा. मी फळ्यावर ‘डबल’ आणि ‘डाउट’ एकाखाली एक लिहितो आणि दोन्हींतल्या बीला गोल करतो. वरचा मोठ्याने म्हणायचा, खालचा फक्त लिहायचा.